मेंदूवर संशोधन करायचं म्हणते लेक. हे पोट भरण्याचं काम आहे का?

कोरडवाहू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव. सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत तुरीच्या ओळी, आणि रस्त्यावर लहानसं कृषी केंद्र. बोंडअळी आणि सोयाबीनच्या भावाशिवाय मी इथे आजवर काही विचारलं नाही. आज लेकीसाठी विचारतो.

ती अकरावी सायन्सला आहे, मानव विकासच्या निळ्या बसने तालुक्याला जाते. ऑगस्टमध्ये जीवशास्त्राच्या मॅडमनी वर्गात एक खेळ घेतला. फळ्यावर रंगांची नावं लिहिली, पण 'लाल' हिरव्या खडूने, 'पिवळा' निळ्या खडूने. शब्द वाचायचा नाही, खडूचा रंग सांगायचा. पोरगी तेच डोक्यात घेऊन घरी आली. रात्री जेवताना तिने आम्हा सगळ्यांना रंगीत खडूने पाटीवर लिहून दाखवलं. मी अडखळलो, तिची आई अडखळली. आजी मात्र धडाधड सांगत गेली. आजीला वाचता येत नाही. लेकीचा घास हातातच राहिला. म्हणाली, "बाबा, आजीले अक्षर म्हंजे नुसत्या रेघा. म्हणून तिचा घोटाया होत नाई. मंग वाचता येनं हे आपल्या डोक्यात नेमकं काय करून ठेवते?"

तेव्हापासून एकच धोशा. डॉक्टर व्हायचं नाही, मेंदूवर संशोधन करायचं. मॅडम म्हणाल्या त्याला न्यूरोसायन्स म्हणतात, पण पुढची वाट त्यांनाही नीट माहीत नाही. नागपूरचा माझा साळा म्हणतो नीटचा क्लास लाव, बाकी सगळं वेड आहे. मला इतकंच कळून घ्यायचं आहे की असं काम करणारी माणसं रोज करतात काय, तिथवर पोचायला किती वर्षं जातात, आणि तोवर खर्च कोण करतो. दहावीपर्यंत तिचं सगळं शिक्षण मराठीत झालं आहे, हेही सांगून ठेवतो.

जोडीला धाकट्याचा प्रश्न. आठवीत आहे. पुस्तक घेऊन दहा मिनिटं बसत नाही, मोबाइलवर दोन तास हलत नाही. त्याचा मेंदू बिघडला का, हे विचारायला जीव धजत नाही, पण विचारतो.


हिंगणघाटकर

भाऊ, मनापासून सांगतो, राग मानू नका. नीट द्या, एमबीबीएस करा, मग मेंदूचं डॉक्टर व्हा. संशोधनात वयाची तिशी उलटेपर्यंत माणूस विद्यार्थीच राहतो. माझ्या पुतण्याने भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि आज तो खासगी क्लासमध्ये शिकवतो. शेतकऱ्याच्या घरात इतकी वर्षं वाट पाहणं परवडत नाही, हे मी आमच्याच घरात पाहिलं.

धाकट्याबद्दल म्हणाल तर आता सगळ्यांचंच तसं झालं आहे. माणसाचं लक्ष आठ सेकंदांवर आलं, गोल्डफिश माशाचं नऊ सेकंद असतं, असं मी वाचलं. मोबाइल काढून घ्या.


जागली

भाऊ, आजीची गोष्ट मी आज लॅबमधल्या मुलांना वाचून दाखवली. हा प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये छापला. वाचन एकदा अंगवळणी पडलं की डोळ्यांसमोर आलेला शब्द आपसूक वाचला जातो, आणि तो बाजूला सारायला मेंदूला जास्तीचा वेळ लागतो. तो जास्तीचा वेळ मोजणं हे माझ्या कामातलं रोजचं काम. तुमच्या लेकीने तो आजीच्या तोंडून ओळखला.

मी तुमच्या शेजारच्या आर्णी तालुक्यातली, अरुणावतीच्या काठची. दहा ते अठरा वयाच्या मुलांचं लक्ष कसं लागतं, कसं सुटतं, आणि त्याच वयात मेंदू बदलत असतो त्याच्याशी याचा काय संबंध, यावर सतरा-अठरा वर्षं काम करते आहे.

इथे 'जागली' हे नाव घेतलं त्याला कारण आहे. बाबा हिवाळ्यात जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, जायचे. डिसेंबरात तूर भरलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि रानडुकरांचे कळप. मी सहावी-सातवीत असताना हट्टाने सोबत जायची. माळ्यावर गोधडीत बसवून बाबा म्हणायचे, "डोये कुठंबी असू दे, कान धुऱ्यावर ठेव." सुरुवातीला पान हललं तरी मला कळायचं. मग थोड्या वेळाने, झोप आलेली नसताना, डोळे टक्क उघडे असताना, डुकरं ओळीत शिरून गेलेली असायची आणि मला पत्ता नसायचा. बाबा कधी रागावले नाहीत. ते मधून मधून उठून टिनाचा डबा बडवायचे. मला वाटायचं डुकरांसाठी. पुष्कळ वर्षांनी विचारलं तर म्हणाले, "अर्धा डुकरासाठी, अर्धा माह्यासाठी."

नागपूरला एमएस्सी करताना वाचनालयात नॉर्मन मॅकवर्थ यांचं काम हाती लागलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या विमानदलातले रडारवाले पडद्यावर पाणबुडीचा ठिपका शोधत बसायचे, आणि काही वेळाने ठिपका समोर असूनही त्यांच्या हातून सुटायचा. मॅकवर्थनी त्यासाठी एक घड्याळ केलं. काटा एकेक पाऊल पुढे जातो आणि क्वचित एकदम दोन पावलं उडी मारतो. ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची पकड घसरते, हे त्यांनी 1948 मध्ये मांडलं. मी ते वाचलं आणि मला माळा दिसला, गोधडी दिसली. मी तेव्हा प्राणिशास्त्रात माशांच्या कल्ल्यांवर प्रकल्प करत होते. तो पुरा केला, पण मन तिथून उठलं ते उठलंच.

बाबांच्या 'डोये कुठंबी, कान धुऱ्यावर' या वाक्याचं शास्त्रही पुढे सापडलं. मायकेल पोस्नर यांनी 1980 मध्ये दाखवलं की नजर एका जागी खिळवून ठेवली तरी लक्ष दुसरीकडे नेता येतं, आणि ते जिथे नेलं तिथली खूण माणूस लवकर टिपतो. 1990 मध्ये त्यांनी स्टीव्हन पीटरसन यांच्यासोबत लक्षाची तीन कामं वेगळी केली: जागं राहणं, वळणं, आणि नेमकी गोष्ट हेरणं. दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर एकीला आवरणं हेही पुढे या तिसऱ्यातच धरलं गेलं. जागलीच्या माणसाला तिन्ही लागतात. यातलं तिसरं किशोरवयातही पक्कं होत राहतं.

आता मेंदूकडे. जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीच ती मुलं पुन्हा पुन्हा एमआरआयखाली घेतली. 1999 मध्ये त्यांनी छापलं की मेंदूच्या पुढच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि मग कमी होत जातो. 2004 मध्ये याच गटाने 13 मुलांच्या काही वर्षांच्या चित्रांवरून दाखवलं की हा बदल सगळीकडे एकदम होत नाही. हालचाल, स्पर्श, दिसणं यांचे भाग आधी, आणि विचार करून थांबणं, बेत आखणं यांचा कपाळामागचा भाग शेवटी, पार विशीत.

कमी होणं म्हणजे झिजणं समजू नका. ज्वारीची विरळणी आठवा. दाट उगवलेल्यातून काही धांडे काढले की उरलेल्यांना जागा मिळते. त्याच्याही आधी, 1979 मध्ये, पीटर हटनलॉकर यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंमधले पेशींचे जोड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले होते. लहानपणी ते मोठ्या माणसापेक्षा कितीतरी दाट, पुढे विरळ. ही उपमा मला आवडते, पण शास्त्राची म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी: एमआरआयला एकेक जोड दिसत नाही. करडा थर पातळ दिसतो त्यात विरळणी किती आणि तंतूंवर चढत जाणारं चरबीचं आवरण किती, हे नुसत्या चित्रावरून वेगळं काढता येत नाही. तुमच्या लेकीला कुणी हे ठामपणे विरळणीच आहे असं सांगितलं, तर तिने विचारावं, तुम्ही ते पाहिलं कशात.

रोज काय करतो, हा तुमचा पहिला प्रश्न. पडद्यावर पाच बाण येतात. मधल्या बाणाचं टोक जिकडे, तिकडचं बटण दाबायचं. बाजूचे चार कधी त्याच दिशेला, कधी उलटे. एकेक मूल हे दोन-तीनशे वेळा करतं. उलट्या बाणांना किंचित उशीर लागतो, सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका, आणि तेवढ्यासाठी आम्ही पडद्याची, बटणाची, खोलीतल्या पंख्याच्या आवाजाची काळजी घेतो. कधी डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या तारांची, टोपी चढवतो. त्या दिवशी सकाळी आईने प्रेमाने तेल चोपडून वेण्या घातलेल्या असतात, आणि तेलकट डोक्यावर तारांचा स्पर्श नीट होत नाही. पहिल्या वर्षी मी एका मुलीला तसंच बसवलं आणि तिचं सगळं नोंदणं वाया गेलं. ती दोन बस बदलून आली होती. तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये शाम्पू, गरम पाणी, स्वच्छ टॉवेल आणि वेणी परत घालून देणारी एक ताई असते. कागदोपत्री पद्धतीत हे लिहायला जागा नसते, पण याच्यावाचून माझं काम उभं राहिलं नसतं.

एमआरआयमध्ये मूल हललं की चित्र गेलं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या गटाने दाखवलं की डोकं मिलिमीटरच्या आतबाहेर हललं तरी मेंदूच्या भागांमधले संबंध खोटेच कमी-जास्त दिसतात. लहान मुलं जास्त हलतात, मोठी कमी. म्हणजे वयाचा फरक म्हणून जे छापलं गेलं त्यातलं काही नुसतं हलण्याचं होतं. मी तेव्हा पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होते. आठ महिन्यांचं विश्लेषण परत केलं. उरलं ते फार थोडं होतं, पण त्यावर मी आजही सही करू शकते.

आता वाट. बीएस्सी यवतमाळ, एमएस्सी नागपूर. नेट ही संशोधन-प्राध्यापकीची परीक्षा दोनदा गेली, तिसऱ्यांदा फेलोशिपसह निघाली. बेंगळुरूत सहा वर्षं पीएचडी, चार वर्षं परदेशी, मग परत. पक्की नोकरी लागली तेव्हा पस्तिसावं लागलं होतं. हिंगणघाटकर दादा म्हणतात ते खरं आहे, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. एका मुलाखतीत माझं इंग्रजी ऐकून 'आधी भाषा शिकून या' असं तोंडावर सांगितलं. ती जागा कुठली ते सांगत नाही. पण त्या संध्याकाळी रेल्वेच्या फलाटावर बसून मी पहिल्यांदा परत गावी जायचा विचार केला. 2016 मध्ये बाबा गेले तेव्हा मी दोन विमानं दूर होते. थेट तेरवीला पोचले. हिशेबात हेही धरा.

मग कशासाठी करायचं, तर यासाठी. 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्राच्या प्रयोगांत घेतलेल्या माणसांपैकी 96 टक्के अशा देशांतली होती जिथे जगातली फक्त 12 टक्के माणसं राहतात. किशोरवयीन मेंदूचा आज चाललेला सर्वांत मोठा अभ्यास अमेरिकेतला, जवळजवळ 11,800 मुलं, 21 केंद्रं. आपल्याकडे बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनाच्या आरोग्य संस्थेने ब्रिटनच्या संस्थांसोबत हजारो मुलांचा मोठा अभ्यास केला, त्यात ऋषी व्हॅलीसारखा ग्रामीण भागही आहे. विदर्भातलं केंद्र त्यात नाही. सकाळी बस पकडणारं, दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत कापूस वेचणारं, रात्री लाईट आली की बापासोबत ओलिताला जाणारं मूल जगाच्या या पाठ्यपुस्तकात फारसं नाहीच. आणि वेचणी आठवा तुम्ही. बोंडातून कापूस ओढताना पानाचा चुरा येऊ द्यायचा नाही, हाताला काटा लागू द्यायचा नाही, ओळ सोडायची नाही, आणि तोंडाने गप्पा. माझी आई तासन्‌तास करायची. हे कसलं लक्ष आहे, ते बाणांच्या खेळात उतरतं का, हा प्रश्न ज्याने वेचणी केली आहे त्यालाच सुचणार. म्हणून मला तुमची लेक या कामात हवी आहे.

धाकट्याचं. आठ सेकंद आणि गोल्डफिश ही गोष्ट सगळीकडे फिरते, तिच्यामागे भरवशाचा अभ्यास नाही. लक्षाला असं एकच माप नसतं. तोच मुलगा क्रिकेटच्या मॅचला तीन तास बसतो. या वयात दोस्तांची ओढ भारी असते. 2005 मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने गाडी चालवण्याचा खेळ दिला, तर मित्र बघत असताना किशोरांनी जास्त धोका पत्करला. मोठ्यांवर मित्रांचा तसा परिणाम दिसला नाही. मोबाइलमध्ये दोस्त आहेत, पुस्तकात नाहीत. शिवाय या वयात शरीराचं घड्याळ रात्रीकडे सरकतं, झोप उशिरा येते, आणि तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. तो झोपतो किती वाजता आणि उठतो किती वाजता, ते आठवडाभर वहीत लिहा. मोबाइल रात्री तुमच्या उशाशी ठेवा, हे मी म्हणेन. बिघडला हा शब्द मात्र त्याच्या कानावर पडू देऊ नका.

एडीएचडी नावाची, लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलतेची, अवस्था खरी आहे. पण तिची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून, सहा महिन्यांहून जास्त, आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात. तुमचा मुलगा दहा मिनिटं बसत नाही तो फक्त पुस्तकापाशी का, हे बघा. आणि ती असलीच तरी 2007 मध्ये फिलिप शॉ यांच्या अभ्यासात असं दिसलं की अशा मुलांच्या मेंदूचा थर पिकायचा क्रम इतरांसारखाच असतो, फक्त सुमारे तीन वर्षं मागे.


शिकवतो अमरावतीत

जागली ताईंनी वाट एका ओळीत उरकली, मी थोडं भरतो. पंचवीस वर्षं बीएस्सीला शिकवतो.

बारावीनंतर आयसर ही सरकारी विज्ञान संस्था बघा. देशात सात आहेत, आपल्या राज्यातली पुणे. प्रवेशाला आयएटी नावाची वेगळी परीक्षा, तिची तयारी नीट-जेईईच्या अभ्यासातच होते. म्हणजे साळ्याचं ऐकून क्लास लावलात तरी तो वाया जाणार नाही. नाही लागला नंबर तर जवळच्या कॉलेजातून बीएस्सी करावी, काही बिघडत नाही. पुढे बेंगळुरूला निमहान्स आणि आयआयएस्सी, हरियाणात मानेसरला एनबीआरसी ही मेंदू संशोधन संस्था, हैदराबाद आणि अलाहाबाद विद्यापीठांतली बोधविज्ञानाची (मन-मेंदूच्या अभ्यासाची) केंद्रं, आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर. या विषयात प्राणिशास्त्रवाले येतात तसे भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संगणक आणि डॉक्टरकीतूनही येतात.

पैसे. बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला 80,000 रुपये. पीएचडीला जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं वेगळं. ही रक्कम काही महिने अडकते, आमच्या विद्यार्थ्यांचे फोन येतात, तेव्हा पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय हाताशी ठेवा.

आणि गणित सोडू देऊ नका. जीवशास्त्र आवडतं म्हणून गणित टाकलेली माझी हुशार मुलं नेमकी संख्याशास्त्रापाशी अडली. थोडं पायथॉन (संगणकाची भाषा) शिकली तर उत्तमच, मोबाइलवरही सुरू करता येतं.


वर्ध्याची सिस्टर

कोरडवाहू भाऊ, मी वर्धा जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. मेंदूचं शास्त्र ताईंना ठाऊक, मी उपकेंद्रात दिसतं तेवढं सांगते.

मुलाला आधी डोळे तपासायला न्या. फळा दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळ्यांना तसंच दिसतं. मागच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा 'मस्तीखोर' म्हणून मागच्या बाकावर होता. चष्मा लागला आणि पुढे आला. कान वाहतो का तेही बघा. आणि रक्त तपासून घ्या, दोघांचंही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये 59.1 टक्के आणि मुलांमध्ये 31.1 टक्के रक्तक्षय निघाला. लोह कमी असलं की पोरगं मलूल राहतं, लक्ष लागत नाही, आणि घरात त्याला आळशी म्हणतात. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती खरंच गिळतो का विचारा. बरीचशी दप्तरात सापडतात. चहासोबत देऊ नका, लिंबू-पाण्यासोबत चालेल.

जागली ताई, तुमच्या लॅबमधल्या वेणी घालणाऱ्या ताईंना माझा नमस्कार सांगा.


हिंगणघाटकर

आठ सेकंदांचं मी आमच्या गटावर स्वतः पुढे पाठवलं होतं. आज तिथे दुरुस्ती टाकली. पुतण्याच्या बाबतीतलं माझं मत तेच आहे ताई, पण जेआरएफची रक्कम मला माहीत नव्हती. आमच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं.


कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. काल दुकान बंद करून सगळं घरात मोठ्याने वाचलं. कापूस वेचणीचं आलं तेव्हा तिची आई चुलीपासून उठून आली आणि परत वाचायला लावलं. आजीने विचारलं, "त्या बाईचा बाप जागलीले कोन्या वावरात जाय?"

मुलाला शनिवारी यवतमाळला डोळे दाखवायला नेतो. झोपेची वही सुरू केली. तीन रात्री झाल्या, साडेबाराच्या आत एकदाही झोपला नाही. आम्हाला वाटायचं दहालाच झोपतो.

लेक इथे स्वतः लिहायला लाजते. तिने चिठ्ठीवर लिहून दिलं तसं टाकतो:

"ताई, माझ्याजवळ कॉम्प्युटर नाही. बाणांचा खेळ मी करू शकत नाही. घरी किंवा वर्गात मला काय मोजता येईल? खरं मोजणं पाहिजे, खेळ नको."


जागली

आजींना सांगा, नदीकडच्या वावरात, मोठ्या मोहाच्या झाडापाशी. झाड आहे अजून.

आता लेकीसाठी. बाळा, तीस सेंटिमीटरची पट्टी घे. एकाने वरच्या टोकाला धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, न शिवता. न सांगता सोडायची. जिथे पकडली तो आकडा लिहायचा. पडणाऱ्या वस्तूचं सूत्र तुला अकरावीत आहेच: अंतराची दुप्पट, भागिले 9.8, आणि त्याचं वर्गमूळ. पंधरा सेंटिमीटरवर पकडली म्हणजे साधारण 0.175 सेकंद, वीसवर 0.2 च्या किंचित वर. हातातल्या पट्टीने सेकंदाचा पाचवा-सहावा भाग मोजता येतो, आणि हे मोजणं खरं आहे.

एकाकडून पंधरा-वीस वेळा करून घे. पहिले तीन सरावाचे, ते वेगळे ठेव. मग एकच गोष्ट बदल. तीच मुलं, सकाळचा पहिला तास आणि दुपारची सुट्टी. किंवा पट्टी सोडायच्या आधी एकदा 'तयार' म्हणायचं आणि एकदा काहीच म्हणायचं नाही. दोन्ही एकदम बदलू नकोस. रात्री कोण किती झोपलं ते मोजण्याच्या आधी लिहून घे, नंतर विचारलंस तर आकडा पाहून उत्तर बदलतं. आणि कुणाला भाग घ्यायचा नसेल तर हसू नका, सोडा. आमच्याकडे तर मुलाची आणि पालकांची लेखी संमती लागते. आजींना 'तयार' चा फरक किती पडतो ते मला कळव.


कोरडवाहू

तिने आताच विचारलं: धाकट्याच्या हातून पट्टी चार वेळा पार सुटून खाली पडली. तो आकडा काय लिहायचा? तो म्हणतो ते धरू नको.


जागली

'सुटली' असं लिहायचं, त्याच क्रमाने, त्याच ओळीत. खोडायचं नाही आणि तीसही लिहायचं नाही. कितव्या वेळी सुटली तेही दिसू दे. आणि पट्टी सोडणारं कोण होतं, तिची आई की ती स्वतः, ते बाजूला लिहायला सांगा.